डिंक, टरफल आणि आतडे: औषधशोषणातील नैसर्गिक पॉलिमर

तोंडावाटे घेतलेल्या औषधाचा जेवढा भाग मूळ रूपात रक्तापर्यंत पोहोचतो, त्याला औषधशास्त्रात जैवउपलब्धता म्हणतात. शिरेतून दिलेल्या औषधाची जैवउपलब्धता शंभर टक्के धरली जाते. गोळीची तेवढी क्वचितच असते. स्किझोफ्रेनियावर दिले जाणारे लुरासिडोन हे याचे ठळक उदाहरण. त्याच्या मात्रेपैकी ९ ते १९ टक्केच शोषले जाते, आणि गोळी किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबत घ्यावी अशी स्पष्ट सूचना असते. उपाशीपोटी घेतल्यास रक्तात पोहोचणारे प्रमाण निम्म्यावर येते. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ज्या आजारांवर उपचार होतात, त्यांची औषधे वर्षानुवर्षे चालतात आणि बहुतांशी गोळ्यांच्याच रूपात चालतात. रुग्णालयात जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात. घरी परतलेल्या रुग्णाच्या बाबतीत ‘भरल्या पोटी घ्या’ ही सूचना किती पाळली जाईल, हे घरच्या परिस्थितीवर अवलंबून राहते. शोषण वाढवणे म्हणजे नुसते औषध वाचवणे नव्हे. ते जेवणावर, वेळेवर आणि माणसामाणसांतल्या फरकावर कमी अवलंबून राहील असे करणे, हा त्यातला अधिक महत्त्वाचा भाग आहे.

हे साधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक मोठा गट नैसर्गिक पॉलिमरचा आहे. धावड्याचा आणि कांडोळाचा डिंक, गवारीच्या व मेथीच्या बियांतला चिकट गर, चिंचोक्याची पूड, इसबगोलाची साल, समुद्री शेवाळातले अल्जिनेट आणि कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान ही त्यातली प्रमुख नावे. या सर्व शर्करेच्या लांबलचक साखळ्या आहेत. माणसाचे पाचकरस त्यांतल्या बहुतेकांना फारसे तोडू शकत नाहीत आणि त्या स्वतः रक्तात शोषल्या जात नाहीत. आतड्यात राहून काम करणाऱ्या पदार्थाला हे दोन्ही गुण सोयीचेच असतात.

मात्र ‘शोषण वाढवणे’ या एका शब्दप्रयोगाखाली चार-पाच वेगवेगळी कामे येतात, आणि या विषयावरच्या लेखनातला बराचसा गोंधळ ती एकत्र केल्यामुळे झालेला आहे. औषधाला आधी पाण्यात विरघळावे लागते. मग आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत श्लेष्माचा थर ओलांडावा लागतो. त्यानंतर पेशींच्या एकपदरी भिंतीतून पलीकडे जायचे. एकतर पेशीच्या आरपार, नाहीतर दोन पेशींमधल्या फटीतून. पेशीत शिरलेल्या काही औषधांना पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंप पुन्हा बाहेर फेकतात. एवढे करून पलीकडे पोहोचलेल्या औषधाला आतड्याच्या भिंतीतील आणि यकृतातील विकरे गाठतात आणि त्याचा मोठा हिस्सा मोडून टाकतात. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असले तरी त्यातून औषध जाण्याचा काळ साधारण तीन ते चार तासांचा असतो. आतड्याचा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असतो असे पाठ्यपुस्तकांत पूर्वापार लिहिलेले असते. २०१४ साली स्वीडनमध्ये झालेल्या नव्या मोजणीत तो तीसेक चौरस मीटरच भरला. ती जुनी उपमा अजून छापली जातेच.

अमेरिकेतील गॉर्डन ॲमिडॉन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये औषधांची चार वर्गांत विभागणी मांडली. पहिल्या वर्गातली औषधे चांगली विरघळतात आणि चांगली पार होतात. दुसऱ्या वर्गातली विरघळत नाहीत, पण विरघळली की सहज पार होतात. लुरासिडोन यात येते. तिसऱ्या वर्गातली विरघळतात, पण भिंत ओलांडत नाहीत. चौथ्यातली दोन्हीकडे अडतात. कोणता पॉलिमर कशासाठी वापरायचा हे या वर्गीकरणावरून ठरले पाहिजे. दुसऱ्या वर्गातल्या औषधाला पेशींमधल्या फटी उघडून देणारा पॉलिमर देण्यात काही अर्थ नाही, आणि यकृतात मोडणाऱ्या औषधाला यातले काहीच फारसे उपयोगी पडत नाही.

विरघळवण्याचे काम पॉलिमर सर्वांत खात्रीने करतात. औषधाचे स्फटिक फोडून त्याचे रेणू पॉलिमरच्या जाळ्यात विखुरले, की ते पाण्यात लवकर सुटतात आणि पॉलिमर त्यांना पुन्हा स्फटिक होऊ देत नाही. बाजारातील यशस्वी उदाहरणे बहुतेक सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून मिळवलेल्या एचपीएमसीसारख्या पॉलिमरची आहेत. बुरशीवरचे इट्राकोनाझोल अशाच प्रकारे कॅप्सूलमध्ये भरले जाते. सेल्युलोज झाडाचे असले तरी हे पदार्थ अर्धकृत्रिमच म्हटले पाहिजेत.

निखळ नैसर्गिक डिंकाचे सर्वांत गाजलेले उदाहरण हळदीचे आहे. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यात टिकत नाही, आणि जे शोषले जाते तेही ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडले जाऊन लगेच निष्प्रभ होते. दिवसाला आठ ग्रॅम कर्क्युमिन खाऊनही रक्तात त्याचा अंशच सापडतो. पुण्याच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीमध्ये अनंत पारडकर, के. आर. महाडिक आणि सहकाऱ्यांनी कर्क्युमिन आणि पीव्हीपी यांचे द्रावण फवाऱ्याने सुकवून त्याचे अस्फटिक मिश्रण तयार केले; तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पीव्हीपी हा कृत्रिम पॉलिमर. जपानमध्ये पुढे हेच उद्दिष्ट धावड्याच्या डिंकाने साधण्यात आले. कर्क्युमिनचे अतिसूक्ष्म कण डिंकाच्या पाण्यात दळून स्थिर करायचे, ही त्या ‘थेराकर्मिन’ नावाच्या उत्पादनामागची पद्धत. डिंकाचे रेणू कणाभोवती आवरण धरतात, म्हणून कण एकमेकांना चिकटून पुन्हा गोळा होत नाहीत. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळणाऱ्या घरांना धावडा ओळखीचा आहे. सातपुडा आणि मेळघाटाच्या जंगलांतून तो गौण वनोपज म्हणून गोळा होतो.

२०११ मध्ये जपानी संशोधकांनी निरोगी माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या भुकटीच्या तुलनेत रक्तातले कर्क्युमिन २७ पट भरले, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आकडा तेव्हापासून जाहिरातींत आणि आढाव्यांत फिरतो आहे. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मोजणीपूर्वी रक्ताच्या नमुन्यात असे विकर घातले होते, जे ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडलेले कर्क्युमिन सोडवून मोकळे करते. म्हणजे मोजले गेले ते शरीराने निष्प्रभ केलेल्या कर्क्युमिनसह एकूण प्रमाण. शोषण वाढले हे त्यातून सिद्ध होते. कामाचे, मोकळे कर्क्युमिन तेवढ्याच पटीने वाढले, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. डिंकाने विरघळण्याचा अडथळा दूर केला. विकरांचा अडथळा जिथल्या तिथेच राहिला.

दुसरे काम श्लेष्माला चिकटून औषध अस्तराजवळ अधिक वेळ धरून ठेवण्याचे. चिंचोक्यातला झायलोग्लुकान, ज्याची खळ कापडगिरण्यांत वर्षानुवर्षे वापरली गेली, श्लेष्माशी चांगला धरून राहतो. अल्जिनेटचा गुण वेगळा आहे. सोडियम अल्जिनेटचे द्रावण कॅल्शियमच्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडले की प्रत्येक थेंबाची घट्ट मण्यासारखी गोळी होते. ही गोळी जठराच्या आम्लात आक्रसते आणि आतड्याच्या उदासीन वातावरणात फुगून औषध सोडते. क्षयावरच्या उपचारात याला विशेष महत्त्व आहे. रिफॅम्पिसिन आम्लात मोडते, आणि आयसोनियाझिड सोबत असेल तर आणखी वेगाने मोडते; ही दोन्ही औषधे एकाच गोळीत देण्याची पद्धत असल्याने प्रश्न नेमका तिथेच येतो. चंडीगढच्या पीजीआयएमईआरमध्ये जी. के. खुल्लर यांच्या गटाने क्षयाची औषधे अल्जिनेटच्या अतिसूक्ष्म कणांत भरून प्राण्यांना दिली, तेव्हा एका मात्रेनंतर ती अनेक दिवस रक्तात सापडत राहिली. रोजच्या गोळ्यांचा कंटाळा येऊन उपचार सोडणाऱ्यांचा विचार करता ही दिशा मोलाची होती. पण तिचे रुग्णांसाठीच्या औषधात रूपांतर झालेले नाही.

चिकटण्याच्या गुणाला एक मर्यादा असते, ती म्हणजे श्लेष्मा सतत नव्याने पाझरत असतो आणि जुना थर वाहून जात असतो. त्याला चिकटलेला कणही त्याच्यासोबत निघून जातो.

तिसऱ्या वर्गातल्या औषधांसाठी, विशेषतः इन्सुलिनसारख्या मोठ्या रेणूंसाठी, पेशींमधला सांधा सैल करणे हा मार्ग सुचवला जातो. या सांध्यांतली वाट साधारण एका नॅनोमीटरच्या आसपास असते, आणि अस्तराच्या एकूण पृष्ठभागात तिचा वाटा अगदी नगण्य असतो. इन्सुलिनचा रेणुभार सुमारे ५८००. त्याला ही वाट आपणहून मिळत नाही. इथे कायटोसानचा संबंध येतो.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर किंवा कोकणातल्या कुठल्याही कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये डोकी आणि टरफलांचे ढीग साचतात. वेळेवर उचलले नाहीत तर त्यांचा वास गावभर पसरतो. या टरफलांत चुन्याचे क्षार, प्रथिने आणि कायटिन असते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढतात, सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिने काढतात आणि उरलेले कायटिन तीव्र, तापलेल्या कॉस्टिक सोड्यात ठेवतात. त्यात साखळीवरचे ॲसिटिल गट गळून पडतात आणि अमिनो गट उघडे होतात. हेच कायटोसान. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राकोनो याने १८११ मध्ये अळंब्यांतून कायटिन वेगळे काढले होते. कायटोसान हे नाव १८९४ मध्ये होपे-झायलर याने दिले. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने टरफलांपासून ते बनवण्याची पद्धत भारतात विकसित केली.

आम्ल वातावरणात कायटोसानच्या अमिनो गटांवर धनभार येतो. नैसर्गिक पॉलिमरमध्ये असा धनभार क्वचितच आढळतो. अल्जिनेट, पेक्टिन आणि बहुतेक डिंक ऋणभारी किंवा भाररहित असतात. पेशींचा पृष्ठभाग आणि श्लेष्मा दोन्ही ऋणभारी असल्याने कायटोसान त्यांना ओढले जाते. उप्सालाच्या पेर आर्टुरसन यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवून दिले, की कायटोसान लावल्यावर काको-२ या पेशींच्या थरातून पाण्यात विरघळणारे रेणू अधिक प्रमाणात पार होतात. पुढच्या अभ्यासांत असे दिसले, की सांध्यातील प्रथिनांची मांडणी काही काळ बदलते आणि पॉलिमर दूर झाल्यावर पूर्ववत होते. या ‘पूर्ववत’ होण्यामुळेच संशोधकांचा उत्साह वाढला, कारण साबणासारखे पदार्थ आणि काही आम्ले सांधे उघडतात खरी, पण पेशींना इजाही करतात.

अडचण सामूची आहे. कायटोसानच्या अमिनो गटांवरचा धनभार ६.५ च्या आसपासच्या सामूला ओसरू लागतो आणि त्यापुढे तो पदार्थ द्रावणातून साका होऊन बाहेर पडतो. लहान आतड्याच्या सुरुवातीला सामू सहाच्या आसपास असतो, शेवटाकडे तो ७.४ पर्यंत जातो. म्हणजे जिथे शोषण व्हायचे तिथेच कायटोसानचे बळ सरते. यावर नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठात हान्स युंगिंगर यांच्या गटाने अमिनो गटांना मिथिल गट जोडून ट्रायमिथिल कायटोसान आणले. त्याचा धनभार सामू बदलला तरी कायम राहतो. डुकरांच्या आतड्यात ऑक्ट्रिओटाइड हे हॉर्मोनसदृश औषध या पदार्थाच्या दहा टक्क्यांपर्यंतच्या दाट द्रावणासह थेट सोडले, तेव्हा त्याचे शोषण कितीतरी पटींनी वाढले. ऑस्ट्रियात आंद्रेआस बेर्नकोप-श्न्यूर्श यांनी पॉलिमरला गंधकयुक्त गट जोडून श्लेष्मातील प्रथिनांशी रासायनिक बंध धरणारे पदार्थ तयार केले. या टप्प्यावर ‘नैसर्गिक’ हे विशेषण कितपत लावावे, हा प्रश्न रास्तच आहे.

पुण्यातील सर्वांत लक्षणीय काम याच प्रवाहातले आहे. एरंडवण्यातील पूना कॉलेज ऑफ फार्मसीच्या वर्षा पोखरकर आणि पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे मुरली शास्त्री यांच्या गटांनी मिळून २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सोन्याच्या क्षारातून सोन्याचे अतिसूक्ष्म कण मिळवण्यासाठी एरवी एखादे तीव्र क्षपणकारक रसायन लागते. इथे ते काम खुद्द कायटोसाननेच केले आणि कणांभोवती आवरण होऊन तेच त्यांना धरूनही राहिले. या आवरणावर इन्सुलिन बसवले आणि मधुमेही उंदरांना तोंडावाटे व नाकावाटे दिले. तोंडावाटे दिल्यावर रक्तातली साखर सुमारे ३० टक्के, नाकावाटे दिल्यावर सुमारे २० टक्के उतरली. पॉलिमर एकाच वेळी क्षपणकारक, आवरण आणि शोषणवर्धक ठरला, ही या कामातली खरी चतुराई.

त्यातली मात्रा मात्र लक्षपूर्वक पाहावी लागते. तोंडावाटेची मात्रा वजनाच्या दर किलोमागे ५० युनिट होती, नाकावाटेची १०. भारतात मिळणाऱ्या दहा मिलिलिटरच्या नेहमीच्या कुपीत ४०० युनिट इन्सुलिन असते. उंदराची मात्रा माणसाला किलोच्या हिशेबाने सरळ लावता येत नाही हे खरे, पण लावून पाहिली तर साठ किलोच्या माणसाला एका वेळेला सात-साडेसात कुप्या लागतील. इंजेक्शनने त्याला दिवसभरासाठी साधारण तीस ते साठ युनिट पुरतात. तोंडावाटे इन्सुलिन देण्याच्या बहुतेक प्राणीप्रयोगांची हीच गत आहे. परिणाम दिसतो, पण त्यासाठी मोजावी लागणारी औषधाची किंमत परवडण्याजोगी नसते.

प्रयोगशाळेतला निकाल माणसात उतरेलच असे नाही, याचा सर्वांत बोलका दाखला ॲसायक्लोव्हिरचा आहे. नागिणीवरचे हे औषध तिसऱ्या वर्गात मोडते आणि त्याचा अल्प भागच शोषला जातो. पेशींवरच्या व प्राण्यांच्या आतड्यांवरच्या प्रयोगांनी कायटोसानबद्दल आशा निर्माण केली होती. २०१५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना ॲसायक्लोव्हिर कायटोसानसह दिलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा शोषण वाढण्याऐवजी चक्क घटल्याचे दिसले. काको-२ ही मुळात मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून वाढवलेली पेशींची जात. तिच्या थरावर श्लेष्मा नसतो, पित्त नसते, अन्न नसते आणि ती हलतही नाही. माणसाच्या आतड्यात कायटोसान या सगळ्याशी झटापट करते आणि बरेचसे त्यातच खर्ची पडते. शिवाय आतड्यात औषध व पॉलिमर एकाच जागी, एकाच वेळी, पुरेशा दाटपणाने पोहोचावे लागतात. बंद नळीत हे सहज जमते, सहा मीटरच्या वाहत्या नळीत नाही.

दरम्यान बाजारात दुसऱ्याच मार्गाने वाट निघाली. २०१९ मध्ये मान्यता मिळालेल्या, मधुमेहावरच्या सेमाग्लुटाइडच्या गोळीत पॉलिमर नव्हे, तर एसएनएसी हा लहान रेणूचा मेदाम्लजन्य क्षार आहे, आणि शोषण आतड्यात नव्हे तर जठरातच होते. त्यातही जैवउपलब्धता एक टक्क्याच्या आसपासच असते. रोज १४ मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्याच्या पोटात आठवड्याला ९८ मिलिग्रॅम औषध जाते, तर इंजेक्शनने आठवड्याला एक मिलिग्रॅम देता येते. सेमाग्लुटाइड शरीरात आठवडाभर टिकते, म्हणून हा हिशेब जुळतो. इन्सुलिन तेवढे टिकत नाही आणि त्याची मात्रा थोडी चुकली तरी साखर धोकादायक पातळीवर उतरते. त्यामुळे तिथे एक टक्क्याचे लहरी शोषण चालत नाही.

पी-ग्लायकोप्रोटीनच्या पंपांना अडवण्याचा गुण अल्जिनेट, झँथान व गेलान डिंकांत असल्याचे वृत्तांत आहेत. ते बहुतेक प्रयोगशाळेतलेच आहेत, म्हणून त्यांवर इथे अधिक विस्तार करण्यासारखे नाही.

उलट दिशेचे पुरावे मात्र माणसांतलेच आणि जुने आहेत. गवारीच्या डिंकामुळे पेनिसिलिनच्या एका प्रकाराचे आणि मेटफॉर्मिनचे शोषण घटल्याचे १९८०च्या दशकातील अभ्यासांत दिसले. इसबगोलामुळे लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील त्याची पातळी उतरल्याचीही नोंद आहे. दाट डिंक आतड्यातल्या द्रवाचा चिकटपणा वाढवतो, औषधाचे रेणू अस्तरापर्यंत सरकायला वेळ लागतो आणि काही वेळा ते डिंकालाच धरून राहतात. इसबगोल आणि इतर औषधे यांत अंतर ठेवण्याची सूचना यातूनच आली आहे. रेचक म्हणून चमचाभर घेतलेला डिंक आणि गोळीत काही मिलिग्रॅम असलेला डिंक यांच्यात गुणाचा नव्हे तर प्रमाणाचा फरक असतो; तोच पदार्थ एका प्रमाणात वाहक असतो, दुसऱ्या प्रमाणात अडथळा.

उरतो तो कच्च्या मालाचा प्रश्न. कारखान्यात बनलेल्या पीव्हीपीचा रेणुभार ठरवून मिळवता येतो. धावड्याच्या डिंकाचा रंग, चिकटपणा आणि त्यातील सालीचा कचरा झाडानुसार, हंगामानुसार आणि गोळा करणाऱ्याच्या निवडीनुसार बदलतो. कांडोळावर खोल वार केले तर डिंक जास्त येतो, पण झाड खंगते. कायटोसानचा रेणुभार आणि त्यातील उघड्या अमिनो गटांचे प्रमाण टरफलाच्या जातीवर आणि सोड्यात किती वेळ ठेवले यावर ठरते, आणि सांधे उघडण्याची ताकद नेमकी याच दोन गोष्टींवर अवलंबून असते. टरफलातली प्रथिने पूर्ण निघाली नाहीत तर कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना धोका राहतो. शाकाहारी ग्राहकांसाठी बुरशीपासून कायटोसान काढणे हा पर्याय निघाला आहे. भारतीय बाजारात तो केवळ शास्त्रीय नव्हे, व्यापारी विचारही आहे. युरोपीय आणि अमेरिकी औषधसंहितांनी कायटोसानसाठी मानके ठरवली आहेत. त्यांत चिकटपणा, शुद्धता, अमिनो गटांचे प्रमाण यांची मोजणी येते. आतड्यातून औषध पार करण्याची क्षमता मोजणारी कसोटी त्यांत नाही. रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांमध्ये कायटोसान वापरात स्थिरावले आहे. तोंडावाटेच्या औषधांचे शोषण वाढवणारा घटक म्हणून ते अजून प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरच आहे, आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या सहाय्यक घटक निवडताना अजूनही एचपीएमसीकडेच आधी वळतात.